शंभर माणसांचे उत्तर: घाटनांदूर ते आष्टी आणि परत

जे घडले त्याचे वार आधी नोंदवतो, आणि ज्यांना मी जबाबदार धरतो त्यांची गणनाही येथेच करतो. प्रवासाची हकिकत त्यानंतर.

मार्गशीर्षातला दुसरा शुक्रवार: आम्ही सहा जण भाड्याच्या जीपने घाटनांदूरहून निघालो. या दिवसाबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

शनिवार: आष्टी येथे एका मंगल कार्यालयात दूरचित्रवाणीच्या कौटुंबिक खेळासाठी निवडचाचणी. जबाबदार इसम: एक, ज्याने तिसरा प्रश्न तयार केला तो, नाव अज्ञात. दोन, ज्यांना तो प्रश्न आधी विचारला गेला ती शंभर माणसे, नावे अज्ञात. तीन, त्या उत्तरावर टाळ्या वाजवणारा सर्व जनसमुदाय.

रविवार: परत.

पौषातला पहिला सोमवार: दुकानात मधोमध भिंत. त्यानंतरच्या गुरुवारी एक पत्र.

मी दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर इतरांच्या वाटण्या पाहिल्या, भिंतींची मापे घेताना हजर राहिलो. त्यामुळे कोणती भिंत कशाने उभी राहते याचा मला थोडाफार अंदाज आहे, आणि ही भिंत विटांनी उभी राहिलेली नाही एवढे मी शपथेवर सांगू शकतो.

घाटनांदूर

आमचे दुकान किराण्याचे. माझे थोरले बंधू वारल्यापासून त्यांचे दोघे मुलगे ते चालवीत आले. थोरला मन्मथ, मितभाषी, तराजूच्या मागे बसणारा. धाकटा बसवराज, ज्याला सगळे बसू म्हणतात, बोलका, गल्ल्याच्या पुढे उभा राहणारा. थोरली सून सुनंदा, धाकटी ज्योती. आणि या सर्वांवर माझ्या भावजय, ज्यांना सारा बाजार अक्का म्हणतो. माझे बिऱ्हाड शेजारच्या घरात, जेवण त्यांच्या स्वयंपाकघरात.

गेली दोन वर्षे मुलगे एकमेकांशी गिऱ्हाइकाच्या मार्फत बोलत होते. बसूला दुकानात थंड पेयांची पेटी, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आणि काचेचे दार हवे होते. मन्मथला पोत्यांची जागा मोडायची नव्हती. संक्रांतीनंतर वेगळे व्हायचे असे ठरले होते. तेवढ्यात केबलवाल्याने बातमी आणली की घराघरांतल्या माणसांचा खेळ घेणारे चॅनेलवाले आष्टीला येत आहेत, आणि एका कुटुंबातली पाच माणसे लागतात.

मोजून पाच होती. अक्कांनी दोघांना देवघरासमोर बसवले.

"निवड झाली तर टीव्हीवर खेळ दिसूस्तर वाटणीचं नाव काडायचं न्हाई. न्हाई झाली तर तुमी मोकळे."

"अक्का, तुला खेळाचं कावून पडलंय येवढं?" बसूने विचारले.

"आरं, पाच जण एका वळीत उभे ऱ्हायलेलं एकदा साऱ्या मुलकानं बगितलं, की मंग वेगळं व्हायची तुमालाच लाज वाटंल."

या युक्तिवादात मला कायद्याची एकही त्रुटी सापडली नाही. नियम वाचून दाखवण्यासाठी आणि कोणी अन्याय केल्यास हरकत नोंदवण्यासाठी मी सोबत निघालो.

मांजरसुंब्याच्या अलीकडे

अंबाजोगाई आणि केज मागे पडेपर्यंत जीपमध्ये कोणी कोणाशी बोलले नाही. खेळ असा, की एखादा प्रश्न शंभर माणसांना आधीच विचारून ठेवलेला असतो आणि त्यांतल्या बहुतेकांनी काय उत्तर दिले हे आपण ओळखायचे. खरे काय ते विचारत नाहीत, लोक काय म्हणतात ते विचारतात. मला ही पद्धत तेव्हाच खटकली होती. तरीही सराव हवा म्हणून मी प्रश्न टाकला, "गिऱ्हाईक दुकानात आल्यावर आधी काय विचारते?"

"'भाव काय?'" बसू म्हणाला. "अन् भाव सांगितला की 'परवा तर कमी व्हता' म्हनून शेजारच्या दुकानात जातंय."

मागच्या बाकावरून मन्मथचा आवाज आला. "न्हाई. आदी विचारतंय, 'मालक न्हाईत का?' मी समोर बसलेला असतो तरीबी."

बसू इतका हसला की चालकाने वळून पाहिले. ज्योती पदर तोंडाला लावून म्हणाली, "दादा, तुमी बसताच तसं, पोत्यावानी." सुनंदाने तिला कोपर मारले, पण तीही हसत होती.

तेव्हा मला उमगले की हे लोक या खेळात पक्के आहेत. किराणा दुकान म्हणजे दिवसभर तोच खेळ. म्हातारा काठी टेकवत पायरी चढला की तंबाखू की गूळ, हे मन्मथ तो बोलायच्या आत ओळखतो. दुसऱ्याच्या तोंडात काय आहे हे जाणण्यावरच त्यांचे पोट चालते.

चढावर जीप तापली. चालकाने झाकण उघडले तर वाफेचा लोट. दोघे भाऊ डबा घेऊन खालच्या विहिरीकडे गेले. वर येताना डब्याच्या कडीतून एक काठी घालून दोघांनी तिची टोके धरली होती आणि उंची कमीजास्त असल्यामुळे पाणी सारखे बसूच्या पायांवर सांडत होते.

"दादा, जरा वाकून चाल की."

"तूच उच हो की बे."

अक्का दगडावर बसून बघत होत्या. मला म्हणाल्या, "नाना, निवड झाली न्हाई तरी चालंल बगा आता." मी म्हणालो, असे अशुभ बोलू नये. त्या म्हणाल्या, "आशुब कशाचं? माजं काम तर हितंच झालंय."

वाकडी वाट करून आम्ही कपिलधारला गेलो. कार्तिकातली यात्रा आटोपली होती. धबधबा बारीक, मंदिराचा परिसर झाडून ठेवल्यासारखा मोकळा. मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घेऊन झाडाखाली बसलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथीची कोरडी भाजी, आणि ज्योतीने घरी कोणाला न सांगता करून आणलेल्या तिळाच्या पोळ्या. सुनंदा म्हणाली, "संक्रांतीच्या आदीच?" ज्योती म्हणाली, "संक्रांतीला कोन कुटं असंल, म्हनून." पोळ्या सर्वांनी खाल्ल्या आणि मन्मथने दुसऱ्यांदा मागितली.

आष्टी, शुक्रवारची संध्याकाळ

पाटोद्यानंतर जमीन पालटते. आमच्याकडची काळी माती संपून खडकाळ, फिकट माळ लागतो. रस्त्यावर उसाच्या गाड्या कडा गावच्या साखर कारखान्याकडे चाललेल्या. वाटेतल्या गावांत मात्र दारांना कड्या. या भागातले जोडपे ऊस तोडायला बाहेर जाते तेव्हा मुकादम त्या दोघांना मिळून एक 'कोयता' म्हणतो. माझ्या मनात आले, कुटुंबांचा खेळ घ्यायला यांनी असा हंगाम निवडला जेव्हा निम्मी कुटुंबे गावात नसतात. ही हरकत मी लेखी नोंदवली आहे.

आमचा मुक्काम मन्मथच्या ओळखीच्या एका भुसार व्यापाऱ्याकडे होता. त्याच्या घरी जे पाहिले ते येथे मुद्दाम सांगतो. दार एक, अंगण एक, आणि अंगणाच्या दोन बाजूंना दोन भावांच्या दोन चुली. जेवायला बसलो तर समोरच्या चुलीवरून वाटीभर आमटी न मागता आली, आणि आमच्याकडची भाजी तिकडे गेली.

"वेगळे झालात कधी?" मी विचारले.

"लई वर्सं झाली की," व्यापारी म्हणाला. "भांडान न्हाई, काय न्हाई. त्यांना तिखाट लागतं, आमाला सोसत न्हाई. चूल येगळी केली, मानसं ऱ्हायली तशीच."

आमच्याकडे असे नाही. आमच्याकडे चूल वेगळी झाली की दार वेगळे होते, मग वाट, मग लग्नपत्रिकेतली नावे. मी पाहिले, मन्मथ आणि बसू दोघेही त्या अंगणाकडे टक लावून बघत होते. रात्री मन्मथ मला म्हणाला, "नाना, आसं बी जमतं की." त्याला आणखी काही बोलायचे होते, पण बसूने हाक मारली आणि तो गेला. ते बोलणे अपुरे राहिले याची मला आजही रुखरुख आहे.

मंगल कार्यालय, शनिवार

बोहल्याच्या जागी लाकडी फळा उभा केला होता, त्यावर उत्तरांच्या पट्ट्या झाकलेल्या. समोर टेबल आणि टेबलावर शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या खोलीत असते तशी हाताने वाजवायची घंटा. मुंबईहून आलेली एक मुलगी प्रश्न विचारत होती. सभ्य, दमलेली, सर्वांना 'हसा ना जरा' म्हणणारी. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या हातात जे छापून दिले ते तिने वाचले.

कड्याहून आलेले एक कुटुंब एकाच रंगाचे सदरे शिवून आले होते. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचे कुटुंब रांग सोडून आत गेले, तेव्हा मी उठून आक्षेप घेतला. दारावरचा माणूस म्हणाला, "काका, बसा, तुम्ही खेळणार आहात का?" मी म्हणालो, "खेळणार नाही, म्हणूनच बोलतो आहे." मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "बसू द्या हो वकीलसायबांना, उन लागलंय!" लोक हसले. असो.

आमची पाळी आली. पाच जण ओळीत उभे राहिले: मन्मथ, सुनंदा, बसू, ज्योती आणि शेवटी अक्का. नव्या इरकली लुगड्यात त्या खरोखर शोभत होत्या.

पहिला प्रश्न: उन्हाळ्यात घरात सगळ्यात आधी काय संपते? अक्कांनी रांगेतूनच, घंटा न वाजवता, सांगितले, "पानी." मुलगी म्हणाली, आजी, घंटा वाजवा. अक्का म्हणाल्या, "पानी संपल्यावर घंटा वाजवून काय करू?" सभागृह खदखदून हसले. फळ्यावर पहिलेच उत्तर.

दुसरा प्रश्न: पाहुणे निघताना काय म्हणतात? बसू म्हणाला, "'येतो' म्हनत्यात आन् दारात तासभर उभे ऱ्हात्यात." ज्योती म्हणाली, "'आता तुमी या आमच्याकडं.'" सुनंदा म्हणाली, "'लई त्रास दिला.'" तिन्ही उत्तरे फळ्यावर होती. बसूने थोरल्या भावाच्या पाठीवर थाप मारली आणि मन्मथने ती झटकली नाही. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवीत होतो. निवड झालीच, असे मी मनाशी धरले होते.

तिसरा प्रश्न मुलीने जसाच्या तसा वाचला: "भाऊ-भाऊ वेगळे का होतात?"

मी उठून उभा राहिलो. असा प्रश्न न्यायालयातही साक्षीदाराला त्याच्या घरच्यांसमोर थेट विचारत नाहीत. पण माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत घंटा वाजली होती. ती मन्मथने वाजवली होती.

मी त्याचा चेहरा नीट पाहत होतो आणि साक्ष देऊ शकतो की त्याच्या मनात त्या क्षणी घर नव्हते. त्याच्या डोळ्यांत ती नजर होती जी पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहताना असते. लोक काय मागतील, एवढेच तो शोधत होता. आणि त्याला ते अचूक सापडले.

"बायकांमुळं," तो म्हणाला.

पट्टी सरकली. पहिल्या क्रमांकाचे उत्तर तेच होते. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, शिट्ट्या वाजल्या, आणि त्या आवाजात मन्मथ हसतमुखाने उजवीकडे वळला. उजवीकडे सुनंदा उभी होती.

आमच्या घरात दोन वर्षे भांडण चालले. पोत्यांवरून चालले, काचेच्या दारावरून चालले. पण हा एक शब्द त्या दोन वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. बाजार म्हणत होता, नातेवाईक म्हणत होते, आमच्या उंबऱ्याच्या आत मात्र तो आला नव्हता, कारण तो खरा नव्हता हे पाचही जणांना ठाऊक होते.

"ताई, तुमचं उत्तर?" मुलीने विचारले. सुनंदा फळ्याकडे पाहत राहिली. तिची वेळ गेली, फुली पडली. बसूने घाईने काहीतरी सांभाळून घेतल्यासारखे उत्तर दिले, "जागा. जागेवरून." तेही फळ्यावर होते, पण खालच्या क्रमांकाचे. मग ज्योतीची पाळी.

ती मन्मथकडे बघून, स्वच्छ आवाजात म्हणाली, "सासू."

दुसऱ्या क्रमांकाचे उत्तर. पुन्हा टाळ्या. कोणीतरी ओरडले, "वा गं वाघिनी!"

आता फक्त अक्का उरल्या होत्या. मुलगी त्यांच्याजवळ गेली, तिलाही काहीतरी उमगले असावे, कारण तिचा आवाज उतरला होता. "आजी, सांगता?"

अक्कांनी एकदा थोरल्याकडे पाहिले, एकदा धाकट्याकडे. "भाऊच," त्या म्हणाल्या. "भावांमुळंच व्हत्यात वेगळे. दुसरं कोन करतंय?"

मुलीने हातातला कागद खालीवर पाहिला. "सॉरी आजी, हे उत्तर नाहीये." फुली पडली. शंभर माणसांत एकानेही भावांचे नाव घेतले नव्हते.

परत

रविवारी पहाटे निघालो. सुनंदा चालकाशेजारी पुढे बसली. कपिलधारचा फाटा आला तेव्हा चालकाने वेग कमी करून विचारले, वळू का? कोणीच उत्तर दिले नाही, म्हणून तो सरळ गेला.

केजच्या पुढे ज्योती एकदाच बोलली. "खेळ व्हता म्हनून बोलले मी. आदी दादा बोलले."

"खेळच व्हता की," सुनंदा मागे न वळता म्हणाली. "म्हनून तर खरं निघालं."

"आगं, मी लोकांचं सांगितलं, माजं न्हाई," मन्मथ म्हणाला. "लोकं काय म्हन्तेत ते विचारलं व्हतं."

"मंग लोकासंगंच ऱ्हावा."

मन्मथने बसूकडे पाहिले. बसू खिडकीबाहेर बघत होता. कालच हा बसू त्याच्या पाठीवर थाप मारत होता. पण आपली बायको आईला सर्वांसमोर सासू म्हणून दोष देती झाली, आणि तिला तिथवर थोरल्याने नेले, हे त्याच्याने गिळवेना. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, प्रत्येक गतिरोधकाला त्यांचा हात मध्ये बसलेल्या ज्योतीला सावरायला पुढे येत होता.

संक्रांतीनंतर ठरलेली वाटणी, निवडीच्या निकालाची वाटही न पाहता, संक्रांतीच्या आधीच झाली. भिंत घालताना गवंड्याने विचारले, मध्ये खिडकी ठेवायची का? दोघे भाऊ एकदम 'नको' म्हणाले. आष्टीच्या त्या अंगणाची मी आठवण करून दिली, तेव्हा बसू म्हणाला, "नाना, तिथल्या बायांना कुनी फळ्यावर न्हाई लावलं."

आणि गुरुवारी पत्र आले. आपले कुटुंब अंतिम खेळासाठी निवडण्यात आले आहे. आपल्या उत्तरांतला मोकळेपणा परीक्षकांना विशेष आवडला. पाचही सदस्यांनी मुंबईस यावे.

मी ते अक्कांना वाचून दाखवले. सध्या त्या सकाळी एका मुलाकडे जेवतात, संध्याकाळी दुसऱ्याकडे. आमटीची वाटी मात्र भिंत ओलांडत नाही. त्यांनी ऐकून घेतले. मग मला विचारले, "नाना, ती शंबर मानसं कोन हो? त्यात कुनी दोन ल्योकांची आई व्हती का?"

मला सांगता आले नाही. नोकरीत असताना मला न सांगता येणारे प्रश्न मी साहेबांकडे पाठवीत असे. हा मी चॅनेलकडे पाठवला, एकदा साध्या टपालाने आणि दोनदा पोचपावतीसह. उत्तर नाही. सबब आता जाहीरपणे विचारतो.

ज्या साक्षीवर आमच्या घरात भिंत उभी राहिली, ती साक्ष देणारी शंभर माणसे कोणत्या गावची होती? त्यांत स्त्रिया किती, आणि माता किती? त्यांना विचारताना त्यांचे भाऊ समोर उभे होते काय? 'भाऊच' असे उत्तर खरोखर कोणी दिले नाही, की कोणी दिले आणि ते हसू येण्याजोगे नाही म्हणून गाळण्यात आले? हजर नसलेल्या, शपथ न घेतलेल्या, उलटतपासणी न झालेल्या माणसांच्या म्हणण्याला 'बरोबर' ठरवून एका आईच्या म्हणण्यावर फुली मारण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?

उत्तर मला खासगी पत्राने नको. वर्तमानपत्रातही नको, कारण अक्कांना वाचता येत नाही. प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारला गेला होता. ज्याने तो तयार केला त्याने पडद्यावर, खेळाच्याच वेळेला, स्वतःचे नाव सांगून, मोठ्याने उत्तर द्यावे. तेव्हा दोन्ही घरांतले टीव्ही चालू असतात.